चाचाच्या हातावरचे आठ दिवस

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सगळ्यात जास्त घड्याळं अंगावर वागवनारा मानूस कोन, असं कोनी पुसलं तं मी आमच्या घड्याळवाल्या चाचाकडं बोट दाखवीन. अन ज्याले टाइम पुसून काही उपेग नाही असा मानूस कोन, असं पुसलं तरी तिकडंच दाखवीन. दुसऱ्या गोष्टीत तसा माहाही नंबर लागते, पन माहं कारन येगळं. मी शाळेचं तोंड पाह्यलं नाही. घड्याळात मले बारा अन सहा एवढे दोनच वाजलेले नीट समजतात. काटे एकमेकावर चढले का बारा, अन काठीवानी सरळ झाले का सहा. मधातलं सारं मी दुसऱ्याले पुसतो. चाचाचं तसं नव्हतं. त्याइले घड्याळाच्या पोटातलं समजे. पन त्याइच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गिऱ्हाइकाईची घड्याळं बांधलेली राहत, सात-सात, आठ-आठ, अन कोनी पुसलं का, "चाचा, किती वाजले?" का चाचा बाही वर सरकवत अन म्हनत, "किसका टाइम चाहिये? मास्तरचे पावनेपाच झाले, डॉक्टरचे पाच झाले. हे ठेकेदाराचं हाये, याच्यात आतालोक साडेतीनच वाजले. त्याचं बिल निघालं नसंन." पुसनारा पाय आपटत निंघून जाये.

हा त्याइचा कायदाच होता. घड्याळ दुरुस्त झालं का लगेच द्याचं नाही. आठ दिवस आपल्या हातावर बांधाचं. जेवतानी, नमाजले, सायकलवर, झोपीत, सगळ्या कामात ते घड्याळ संगं पायजे. "टेबलावर तं कोनतंही चालते रे," ते म्हनत. "टेबलाले काय दुख हाये? मानसाच्या हातावर चाललं पायजे." गिऱ्हाइकानं कितीही घाई केली, कोनाचं लगन असो का कोर्टाची तारीख असो, आठ दिवस म्हंजे आठ दिवस. एका नवरदेवाचं घड्याळ त्याच्या लग्नात चाचाच्याच हातावर होतं. चाचा जेवाले गेले, त्याले लांबून हात वर करून दाखवलं, "चालू हाये, फिकर नको करू," अन पंगतीत बसले. त्याच लग्नात चाचाच्या डोळ्याले काम कराचं भिंग तसंच लागून राह्यलं होतं. त्याइनं ताटात वाकून पाह्यलं अन ओरडले, "अरे, एवढी मोठी मिरची!" अन उठून उभे झाले.

गिऱ्हाइकाईचे नावं त्याइच्या ध्यानात राहत नव्हते. घड्याळाची बिमारी राहे. मास्तर आले का म्हनत, "या या, पाच मिनिट मागं." एका सरपंचाले जनमभर "काच फुटली" म्हनत, तेही चारचौघात. सेलवालं घड्याळ घेऊन कोनी आला का त्याले बोटानं रस्ता दाखवत. "हे घड्याळ नोहे, टॉर्च हाये. बिजलीवाल्याकडं ने." आता दुनियाच टॉर्चची झाली, मंग टाइम मोबाइलात गेला. मशिदीकडच्या गल्लीतलं ते पानटपरीएवढं दुकान बसल्या बसल्या रिकामं होत गेलं. तरी चाचा सकाळी येत, गल्ला पुसत, भिंग डोळ्याले लावत अन रस्त्याकडं पाहत. आम्हाले वाटे, येनाऱ्या-जानाऱ्याच्या पोटात काय बिघडलं ते पाहून राह्यले.

माही त्याइची वळख माह्या बापाच्या घड्याळापायी झाली. बाप रेल्वेत गँगमन होता, जऊळक्याच्या लाइनीवर. जनमभर रुळाखालची गिट्टी ठोकली. त्याले एका गार्डसायबानं बदलीवर जातानी आपलं घड्याळ देल्लं होतं. बाहेरदेशी, जाडजूड, पांढऱ्या तबकडीचं, चाबी न देता चालनारं. का देल्लं ते बापानं कधी सांगतलं नाही, एवढंच म्हने, "सायबानं जातानी हातात हात देल्ला, अन सोडला तं घड्याळ माह्याकडं होतं." बाप ते घालूनच गिट्टी ठोके, घालूनच जेवे. मराच्या आधी त्यानं मनगटावरून सोडलं, माह्या हातात ठेवलं अन म्हने, "बाकी तुले काही सांगत नाही, तुह्यानं व्हत नाही. फक्त हे बंद पडू देऊ नको."

तिसऱ्या दिवशी बंद पडलं.

आता पाहा, बापानं जनमात एकच काम सांगतलं अन तेही मले तीन दिवस जमलं नाही. म्या काय केलं होतं, तं घड्याळ जपलं होतं. मलमलच्या फडक्यात गुंडाळून, कापूर टाकून, पितळी डब्यात ठेवलं होतं. रोज डबा उघडावा, नमस्कार करावा, झाकन लावावं. चौथ्या दिवशी डबा घेऊन मी पॅसेंजरनं वाशीमले गेलो अन चाचाच्या म्होरं बसलो. "जयभीम चाचा. बापाचं घड्याळ मेलं." चाचानं ते कानाले लावलं, मंग हातात घेऊन जरासं झुलवलं, लेकरू झुलवाव तसं. परत कानाले लावलं. मंग घड्याळाकडं न पाहता माह्याकडंच पाहाले लागले.

"बाप काय करे?"

"गिट्टी ठोके. लाइनीवर."

"अन तू?"

"मी जऊळक्याच्या टेसनापाशी धान्याच्या गोदामावर राखनदार हावो."

"म्हंजे काय करतो?"

"बसतो."

"पूरा दिन?"

"मधात कुत्रं येते तं हाकलतो."

"हातानं?"

"नाही, तोंडानं."

चाचानं घड्याळ माह्या म्होरं ठेवलं. "भई, याच्या पोटात अर्ध्या चांदावानी एक पत्री हाये. हात हालला का ते फिरते, ते फिरली का चाबी भरते. घड्याळ चांगलं हाये. बंद तू हायेस."

दुकानात दोघं-तिघं बसले होते, ते असे हासले का एकाचा चहा सांडला. त्या दिसापासून चाचा मले "बंद" म्हनाले लागले. "आओ आओ, बंद आले."

म्या घड्याळ हातावर बांधलं, पन काही फरक पडला नाही. मी खुर्चीवर बसलो का हात पोटावर ठेवतो, अन पोटावरून हात हालाचं काही कारन पडत नाही. दोन-तीन दिसात काटे उभे. मंग म्या रस्ता काढला. म्हैस जशी मानूस गुराख्याकडं देते तसं मी घड्याळ चाचाकडं चराले देवो. महिन्यातून एकदा जावो, चाचा आठ दिवस हातावर बांधत, सायकल चालवत, पेचकस फिरवत, अन घड्याळ तट्ट फुगून परत येये. माह्या हातावर येऊन परत मरे. असं आमचं लय वर्स चाललं. चाचानं कधी नाही म्हनलं नाही. फक्त परत देतानी म्हनत, "तुह्या बापाचं घड्याळ माह्या हातावर जगते अन तुह्या हातावर मरते. बंद, काही तं शरम कर." मी शरम करो, पन तेही बसल्या बसल्याच.

मांगल्या साली मातर घड्याळ खरंच बंद पडलं. चाचानं झुलवलं, नाही चाललं. हातावर दोन दिवस बांधलं, नाही चाललं. म्हने, आतमंदी तेल सुकलं, उघडून धुवा लागीन, सर्व्हिसिंग करा लागीन. "आठ दिसानं ये." मी आठ दिसानं गेलो. "आठ दिसानं ये." परत गेलो. "धुवाचं पेट्रोल चांगलं भेटलं नाही. आठ दिसानं ये." असे चार महिने गेले. दर बारीले मी पाहो, चाचा गल्ल्यामांगं दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले. म्या म्हनलं थंडी असंन. मंग उन्हाळा लागला तरी थंडीच म्हनलं, एवढी माही अक्कल.

अन एका दिशी माही सटकली. बापाचा मरनदिवस जवळ आला होता, अन मले ते घड्याळ चालू करून फोटोपाशी ठेवाचं होतं. दुकानात चार मानसं बसले होते. "आठ दिसानं ये," चाचा म्हनले. तं माह्या तोंडातून निंघालं, "जमत नसंन तं सांगा ना चाचा. का घड्याळ इकून टाकलं?"

 बसलेल्यापैकी एक जन उठला अन बाहेर गेला. चाचानं गल्ल्याचा खन उघडला, कागदाची पुडी काढली, माह्या म्होरं ठेवली. घड्याळ जसंच्या तसं होतं, उघडलंही नव्हतं. माहं तोंड एवढंसं झालं. पन तोंड एवढंसं झालं तरी बंद झालं नाही. मी म्हनलं, "मंग काहून नाही केलं?"

"करतो. आता करतो," चाचा म्हनले. बसलेल्या गिऱ्हाइकाईले त्याइनं हातानंच जा म्हनलं. भिंग लावलं, काचेची वाटी घेतली, घड्याळ खाली वाकून धरलं, चिमटा उचलला. मी मान फिरवून रस्त्याकडं पाहत होतो, शरमेनं. तेवढ्यात मले आवाज आला. टक, टक, टक, टक. एकसारखा, जसा तब्येतीनं चालनाऱ्या घड्याळाचा येते तसा. मी खुश झालो. उडी मारून फिरलो. "चालू झालं चाचा! कमाल हाये, हात लावल्याबरोबर!"

घड्याळ बंदच होतं. चिमट्याचं टोक काचेच्या वाटीवर वाजत होतं. चाचाचा हात थरथरत होता, खांद्यापासून बोटापर्यंत, अन त्याइले तो थांबवता येत नव्हता. ते दुसऱ्या हातानं त्याले धरत तं दुसराही थरथरे.

"दीड साल झालं," चाचा म्हनले. "कोनाले सांगू नको, बंद. जे दोन-चार घड्याळं येतात तेही येनार नाही."

  त्याइनं माहे दोन्ही हात धरून टेबलावर पसरवले अन भिंगातून पाह्यले, मिरची पाह्यली तसे. "यानं कधी काही काम केलं नाही ना? म्हनून दगडावानी स्थिर हाये. बस इकडं."

अन अर्धं शटर ओढून त्याइनं मले त्याइच्या जागी बसवलं. सहा दिवस लागले. चांगल्या हाताले अर्धा दिवस लागते म्हने. मी रोज पॅसेंजरनं जावो. गोदामाले कुलूप होतंच, अन खरं सांगू तं माह्यापेक्षा तेच चांगलं राखते. चाचानं कोनाले सांगू नको म्हनलं होतं म्हनून बायकोले सांगतलं, दात दुखून राह्यला, दवाखान्यात जातो. तिनं सहा दिवस मले पातळ भात खाऊ घातला. घरी उपाशी अन वाशीमले चाचाच्या शिव्या. "अबे, फावडं धरून राह्यला का चिमटा? श्वास बंद कर. एवढा नको बंद करू, मरशीन." मी एक-एक चक्र काढो, पेट्रोलात धुवो, मलमलवर मांडो, सुईच्या टोकानं तेलाचा थेंब ठेवो. अक्षर न वळखनारा मानूस, पन कोनतं चक्र कोनाच्या बाजूले बसते हे मले पाठ झालं. तिसऱ्या दिशी एक पेच उडाला, तिळाएवढा. आम्ही दोघं गुडघ्यावर दुकान धुंडाळत होतो. चटई झटकली, माहे खिसे झटकले. मंग मले उजेडात दिसला, चाचाच्या दाढीत चमकत होता.

"चाचा, हालू नका!" मी ओरडलो.

"बेटा," चाचा म्हनले, "हेच तं जमत नाही."

अन आम्ही दोघं असे हासलो का पेच परत पडला. हासता हासता चाचाचे डोळे भरले. तेल गेलं डोळ्यात, असं त्याइनं सांगतलं. मीही तेच सांगतलं.

सहाव्या दिशी मधातलं झुलतं चक्र बसलं अन घड्याळ चालू झालं. या बारीले खरोखर. चाचानं कानाले लावलं अन डोळे मिटून लय येळ ऐकलं. मी हात म्होरं केला तं म्हने, "आठ दिवस." कायदा म्हंजे कायदा. त्याइनं बाही वर सरकवली. कोपरापर्यंत मोकळा हात, अन त्याच्यावर माह्या बापाचं एकटं घड्याळ. मले तो हात पाहवला नाही. तो घड्याळाईनं भरलेला पाहाची सवय होती.

पन आता काय झालं, तं त्या थरथरीनं घड्याळ मस्त चालाले लागलं. सायकल सुटली होती, पेचकस सुटलं होतं, चाचा दिवसभर बसून राहत, माह्यावानीच. पन हात काही बसे नाही, अन आतमंदी ती चांदावानी पत्री फिरत राहे. आठ दिसानं गेलो तं चाचा मनगट दाखवून म्हनले, "पाह्य. बाकी सारे काम सुटले. हे एक काम हात अजून करते." त्याइच्या तोंडावर अशी खुशी होती का मी काढून कसा घेनार? म्या म्हनलं, "चाचा, अजून आठ दिवस ठेवा. मले भरोसा नाही." चाचा समजले का नाही ते अल्ला जाने. म्हनले, "तुह्याच हातानं बसवलेलं हाये. भरोसा कसा राहीन?" बापाचा मरनदिवस आला, तं फोटोपाशी मी रिकामा डबाच ठेवला. मनात म्हनलं, बंद तं नाही पडलं ना बाप्पा? कोनाच्याही हातावर का असंना. मंग दर आठ दिसाले हेच. मी जावो, पाहो, "अजून आठ दिवस" म्हनो, चहा पिऊन परत येवो. इकून टाकलं का, असं जे बोललो होतो त्याची माफी मागाची होती. म्या ठरवलं होतं, घड्याळ परत घेईन त्या दिशी मागीन. घड्याळ घेतलं नाही, म्हनून माफीही राह्यली.

एका सकाळी दुकानाबाजूच्या चहावाल्याचा फोन आला. चाचा पहाटंच्या नमाजनंतर गेले. दुपारच्या नमाजले माती हाये. मी तयारी केली, टेसनावर आलो, अन पॅसेंजर निंघून गेली होती. हातावर घड्याळ नव्हतं ना. असतं तरी मले काय समजलं असतं म्हना. मंग काळीपिवळीनं गेलो, ते भरेलोक हालली नाही. मी पोचलो तं लोक कबरस्तानातून हात झटकत परत येऊन राह्यले होते. जनमभर बसून राह्यलो अन जायाच्या दिशी उशिरा गेलो.

घरी चाची ओट्यावर बायांमधी बसल्या होत्या. मले पाहून उठल्या, आतून रुमाल घेऊन आल्या. "आंघोळ घालतानी काढलं," म्हनल्या. "मले सांगून ठेवलं होतं, जऊळक्यावाल्याचं हाये, आठ दिवस पुरे झाल्याबिगर देऊ नको. सात महिने झाले बेटा. ने आता."

रुमाल उघडला. चालू होतं. मानूस जमिनीत गेला होता अन घड्याळ चालू होतं. त्याइनंच एकदा सांगतलं होतं, हात थांबला तरी भरलेली चाबी दीडेक दिवस चालते. म्हंजे ते जे आत टकटक करून राह्यलं होतं, ती चाचाच्या हाताची थरथर होती, उरलेली.

येतानी मुद्दाम रेल्वेनं आलो. रस्त्याच्या गचक्यानं आत दुसरीच चाबी भरली असती. दोन्ही तळहातावर धरून आनलं, काठोकाठ भरलेला गिलास आनाव तसं. गर्दी होती, पन एका पोरीनं पाह्यलं अन जागा देल्ली. तिले वाटलं पाखराचं पिल्लू हाये. घरी घडी केलेल्या फडक्यावर ठेवलं अन म्होरं बसलो. बसाचं काम मले जमतेच. त्यात माही हालचाल मिसळू नये म्हनून हातही लावला नाही. दुसऱ्या दिशी जेवनं झाल्यावर ते हळू झालं, मंग थांबलं. किती वाजता थांबलं ते मले सांगता येनार नाही. काटे एकमेकावर नव्हते, अन सरळही नव्हते. कोनाले पुसलंही नाही.

लय येळानं मी ते हातावर बांधलं. बांधलं अन बंदच. मंग उठलो, कोपऱ्यातला खराटा घेतला अन आंगन झाडाले लागलो. डाव्या हातानं, लांब लांब, बाप ठोके तसं. पह्यल्या ओळीले काही नाही. दुसरी ओळ झाली तं मनगटापाशी बारीक टकटक लागली.

बायको आवाज ऐकून बाहेर आली. आंगनाकडं पाह्यलं, खराट्याकडं पाह्यलं, माह्या कपाळाले हात लावला. "अवो, काय झालं तुमाले? दात दुखून राह्यला का परत?"

म्या म्हनलं, "हो." अन झाडत राह्यलो.